मागची चीर

पानावर चोवीस लेबलं.
आडवी तीन, उभी आठ,
मधे गाळा ठेवला नव्हता,
कागद वाया जातो म्हणून.
धुऱ्याला धुरा लागून.
आणि धुऱ्याला धुरा लागला की काय होतं,
हे तहसीलसमोर दुकान असलेल्या बाईला
कोणी सांगायला नको होतं.

वच्छला नखाते गठ्ठा घेऊन परत आली.
"हे निंघतच नाही वो.
अन् निंघालं तं शेजारच्याले घेऊन निंघते."
टेबलावर हात ठेवले तिनं.
पंधरा हंगाम सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडून
बोटांच्या टोकांशी नख म्हणावं असं
काही उरलं नव्हतं.
रेशनच्या मशीनलाही तिचा अंगठा दिसत नाही,
दर महिन्याला सुनेला सोबत न्यावं लागतं.
मी लेबल काढून पाहिलं होतं, पाहिलं होतं ना,
पण माझ्या नखानं.

रात्री शटर अर्धं पाडून बसले.
आधी कोपरे गोल केले.
टोकदार कोपरा दिसायला बरा,
पण बरणीवरून तोच आधी उठतो,
तेलकट होतो, धूळ धरतो.
मग तीन मिलिमीटरचा गाळा.
चोवीसची एकवीस झाली, होऊ देत.
लाल रंग रेघेबाहेर थोडा सांडू दिला,
कारण कागद ओढताना प्रिंटर
केसभर इकडेतिकडे जातोच,
त्याच्यावर चिडून काय मिळणार.

मग पातं.
इतवारीतून आणलेलं जुनं मशीन,
त्याचा आकडा पुसलेला.
वरचा कागद कापायचा, खालचा नाही,
एवढंच तर काम.
एक घर कमी: काही कापलंच जात नाही.
एक घर जास्त: सगळं पान सुटून मांडीवर.
अकरा पानं गेली.
बाराव्याला पातं बेतानं टेकलं,
बोट फिरवलं तर लागेल,
पालथं केलं तर दिसणार नाही, असं.

तरी माझं नख लागतच होतं.

सकाळी सातऱ्यावर गेले.
पोहोचायच्या आधीच ठसका.
बायका ओळीनं बसलेल्या,
कोणाच्या तरी व्याह्याचं काही चाललं होतं,
आणि बोलण्याखाली सारखं
कट्, कट्.
वच्छलानं एक मिरची दिली. मी देठ ओढला.
अर्धी मिरची फाटून आली,
बिया ओढणीवर.
"ओढतं कायले? वाकव.
वाकवलं का तेच सोडते."

डोळे न धुताच दुकानात आले.
पान पालथं घातलं.
मागच्या गुळगुळीत कागदाला
दर ओळीच्या काठाशी, किंचित आत,
एकेक चीर दिली,
फक्त त्यालाच, लेबलाला न कळू देता.
पान सरळ केलं, बोटांवर वाकवलं,
आणि लेबलाचा काठ आपणहून उठला,
दारातून कोणी नाव घेतल्यावर
जेवता जेवता मान वर करावी तसा.

दुपारी नऊ जणी आल्या.
"भिवापुरी तिखट, दोनशे ग्राम,
बनवणार: नऊ जणी" असं छापलं होतं,
नावं लिहायला जागा पुरत नव्हती.
वच्छलानं पान घेतलं, वाकवलं,
अंगठ्याच्या मऊ मांसानं काठ धरला
आणि लेबल आलं.
पुन्हा एक आलं. मग ती थांबेचना.
गिरजाच्या पोरानं उरलेली जाळी
तोंडावर धरली, एकवीस खिडक्यांतून बघू लागला.
बरणीवर पहिलं वाकडंच लागलं.
मी सरळ करायला हात पुढं केला.
"राहू दे वो. तिखट तं सरळ हाय."

संध्याकाळी बिल लिहायला बसले.
कागद, शाई, चाळीस पानांची कटाई.
मागच्या चिरीचं काही लावलं नाही.
लावणार होते,
पण त्या रकान्यात काय लिहायचं
ते सुचलं नाही,
आणि बोटं अजून चुरचुरत होती.