मोजा

कोरोग्वेच्या पुढे घायपाताच्या रांगा संपतात
तिथे पत्र्याची एक शेड.
झुहुरा शेम्बोको वाख भिजवते
कॉस्टिकच्या हौदात, तासभर,
मग उपसते, सात पाण्यांनी धुते,
मग उघडते तळाची तोटी.
असंच लिहिलंय भिंतीवरच्या कागदावर.
लिहिणारा साहेब केव्हाच गेला.

तोटीखाली चर, चराच्या पुढे
तिच्या आत्याची केळी.
आत्या तक्रार करत नाही.
कडा करपलेलं एखादं पान
जाता जाता दारात ठेवते, इतकंच.

मी तिथे ड्रायर बसवायला गेलेलो.
त्या संध्याकाळी तिने तोटी उघडली नाही.
वापरलेला सोडा पेलाभर घेतला,
दर्शकाचा थेंब टाकला : गडद गुलाबी.
मग आम्ल थेंबाथेंबाने सोडत
ती म्हणू लागली,
"मोजा, म्बिली, टाटू..."

मोजा म्हणजे तिच्या भाषेत एक.
मला वाटलं, मलाच सांगतेय.
मी मोजत गेलो.

ताज्या सोड्याला बावीस लागायचे.
अठरा झाले तरी रंग हटेना.
एकोणिसाव्याला गेला.
ती काही बोलली नाही, चराकडे बघत राहिली.
पैसा पाण्यात घालणं
मी आजवर नुसतं म्हणत आलो होतो.

आता तोटीला तार गुंडाळलीय.
घटेल तेवढाच सोडा वरून पडतो.
सातवं पाणी पुढच्या घाण्याचं सहावं होतं,
सहावं पाचवं,
आणि पहिलं, सगळ्यांत बुळबुळीत,
परत हौदात.

पाचव्या घाण्याला मात्र हौद काळा पडला,
उकळून उरलेल्या चहासारखा.
हे कुठे टाकायचं
ते तिलाही ठाऊक नाही.

निघायच्या दिवशी तिने ड्रायरमध्ये हात घातला.
"बंद कर."
"अजून ओल आहे."
"असू दे. पुढचं रसायन
सालीला लागायचंय, गाभ्याला नाही.
कडकडीत वाळवलास तर
वाख तोंड मिटून घेतो."

माझ्या यंत्राचे चार तास दोनावर आले.
मोठ्या ड्रायरची ऑर्डर आली नाही ती नाहीच.
कारणाच्या रकान्यात
मी काय लिहिणार होतो?

वाखाचा एक पेड बॅगेत राहिलाय.
काढला की हाताला किंचित दमट लागतो.
माझाच हात असेल.