कोठाऱ्यांचा डबा

बझारगेटला, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे
नोटा बाहेर असल्या की पंखा बंद असतो.
मे महिना. नलिनी कोठारे पदराने मान पुसतात,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवतात.
"वडिलांचा. बेस्टच्या कॅश खात्यात होते, वडाळ्याला.
दिवसभर कंडक्टरांची चिल्लर मोजायची
आणि घरी येऊन पुन्हा हेच."
डब्याला खोबरेल तेलाचा वास.
आत पाकिटं, विड्याएवढी,
हिशेबाच्या वहीच्या कागदाची, खळ लावून चिकटवलेली.
एकशे बारा.

पहिल्यातून शिवराई.
भिंगाखाली तिच्या अंगभर देवीचे वण:
वाळूच्या साच्यात ओतली, बुडबुडे तसेच राहिले.
दुसऱ्यातून राणीचा रुपया. तोळ्याला दीड मासा कमी.
काचेवर टाकला तर
ओल्या लाकडासारखा बोलला.
तिसऱ्यात पंचम जॉर्जची नोट,
जलचिन्ह तेलाच्या ठशाने उमटवलेलं.
चौथ्यात साधी दहाची, लाल रंगात बुचकळून
आखातात पाठवलेली.

मी बाईंकडे बघायचं टाळतो.
वारसांना हे सांगायची सवय आहे मला,
वाक्यसुद्धा ठरलेलं आहे:
"हौस मोठी होती त्यांची."

वाक्य ओठावर असताना एक पाकीट पालथं पडतं.
मागे पेन्सिल. कॅशवाल्याचं बारीक अक्षर, शून्यं घट्ट बंद.
"खोटं. नळबाजार. ४० रु.
एक शाळकरी मुलगा घेत होता, त्याच्याआधी घेतलं."

सगळीच पालथी करतो.
"खोटं. साच्याची शिवण कडेला. बाजारातून काढलं."
"खोटं. विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बोललो नाही."
"खोटं, पण काम सुरेख. कारागीर कोण असेल?"
एकावर नुसतंच: "परत तोच म्हातारा!"

म्हणजे पगारातले खरे पैसे मोजून
हा माणूस वर्षानुवर्षं
खोटं घरी नेत होता, झाकण लावत होता.
आणि मी हौस म्हणणार होतो.

शेवटचं पाकीट जाड.
रुपया, सहावा जॉर्ज, साल एकोणचाळीस,
सोबत चौघडी केलेलं प्रमाणपत्र.
वजन बरोबर. नाद बरोबर. कडेच्या रेघा बरोबर.
अभिप्राय: अस्सल.
खाली माझी सही, सोळा वर्षांपूर्वीची, शेपटीवाली.

"हा तरी खरा असेल ना?" नलिनीताई विचारतात,
"तुमचीच सही आहे."
चष्मा त्यांनी आणलेला नाही.

भिंग धरतो.
आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू
सुईने कोरून काढलेली, वर काळपट लेप.
चांदी खरी, वजन खरं, राजाही खरा,
एक आकडा तेवढा.
दोनशे रुपये फी घेतली होती मी.
बहुतेक जेवायची घाई होती.

पाकिटाच्या आतल्या अंगाला, उजेडासमोर धरलं तर:
"१८,००० दिले. आठ दिवसांनी कळलं.
जाऊन सांगावं का? पोरगा नवीन आहे.
बसेल हात."

खाली टपरीवर यंत्र बोलतं:
दहा रुपये प्राप्त झाले.

रुपया काचेवर टाकतो. खणखणीत.
वाजणारच, अंगाने तो अस्सल अडतीस सालचा.
तसं नव्या कागदावर लिहून देतो,
जुना कागद माझ्याकडे ठेवू का म्हणून विचारतो,
मग खणातून चेकबुक काढतो.
"याचे एवढे येतात?"
"याचेच येतात," म्हणतो. हे थोडं खोटं.

अक्षरी: रुपये अठरा हजार फक्त.
'फक्त'च्या पुढे रेघ ओढायची असते,
मागाहून कुणी काही वाढवू नये म्हणून.
ओढतो.
जरा लांबच जाते.