विलंब माफीचा अर्ज

तीनदा पुकारा झाला होता.
सेलूच्या कोर्टात शिपाई दाराबाहेर येऊन ओरडतो
तेव्हा समोरच्या हॉटेलातल्या कपबशासुद्धा गप्प बसतात.
"नगरपरिषदेतर्फे कोण?"
मी होतो. पण मी कोण?
विधी विभागाचा लिपिक, खदीर इनामदार,
बगलेत लाल फडक्यातलं दप्तर,
दप्तरात निजामाच्या वेळचं सेतवार, उर्दूतलं,
हापिसात आता माझ्याशिवाय कुणाला वाचता न येणारं.
लिपिकानं कोर्टात बोलायचं नसतं.

तेवढ्यात रस्त्यावरून हलगी गेली.
गुलाल गेला. उघडी जीप गेली.
जीपमध्ये आमच्या वकीलबाई,
ॲडव्होकेट विजयमाला घनसावंत,
हात जोडून,
नगराध्यक्षपदाचा अर्ज भरायला.
काळा कोट अंगावरच होता.

जजसाहेबांनी रोजनाम्यात लिहिलं, वकील गैरहजर.
पुढं एकतर्फी.
गट नंबर दोनशे सतरा, तीन एकर, भाजीबाजाराचं आरक्षण,
गेलं.

बाई साडेचार हजारांनी निवडून आल्या.
विभागात पेढे मीच वाटले.

मंगळवारी भाजीवाल्या टोपल्या घेऊन आल्या
तर जागेवर सिमेंटचे खांब, तारा ओढायचं काम चालू.
सभेत एकच गिल्ला, कुणामुळं? कुणामुळं?
खालच्या माणसाचं नाव लवकर सापडतं.
कारणे दाखवा नोटीस, माझ्या नावाची,
मंजुरीसाठी बाईंच्या टेबलावर.

लोक आता सांगतात, बाईंनी ती तिथंच टराटरा फाडली.
नाही.
अकरा दिवस होती ती पेपरवेटखाली.
मी रोज दुसऱ्या फायली घेऊन जायचो,
रोज ती थोडी सरकलेली असायची,
आणि बाई माझ्याकडं न बघता
दुसऱ्या फायलींवर सही करायच्या.
घरी सांगितलं नाही मी.
नातीची फी तेवढी आधीच भरून टाकली.

बाराव्या दिवशी म्हणाल्या, खदीरभाई, बसा.
त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो.

अपिलाला उशीर, दोनशे नव्वद दिवसांचा.
एकेका दिवसाचा हिशोब शपथेवर द्यावा लागतो,
कायदाच तसा आहे.
उपाध्यक्ष म्हणायले, टायफॉइड लिहा की,
डॉक्टर आपलाच आहे.
बाईंनी कागद ओढला. पेन झटकलं.
"त्या दिवशी मी मिरवणुकीत होते.
हलगी नसती तर पुकारा ऐकू आला असता."
दुसरं वाक्य खोडलं.
त्याच्या जागी लिहिलं,
"तारीख मला माहीत होती."

उपाध्यक्ष उठून गेले.
जाताना सवयीनं पंखा बंद केला,
आम्ही दोघं तसेच घामात बसून राहिलो,
दिवस मोजत.

परभणीला तारीख होती तेव्हा
बाईंनी बाररूममध्ये कोट काढून माझ्या हातात दिला.
साक्ष द्यायची तर कोट चालत नाही.
पिंजऱ्यात त्या बुटक्या दिसल्या.
कोटाच्या शिवणीत गुलाबी काहीतरी होतं,
गुलाल का शाई, मी निरखून पाहिलं नाही.

निकाल अजून नाही.
समोरच्या वकिलानं त्याच प्रतिज्ञापत्राच्या
पाचशे प्रती छापून मोंढ्यात वाटल्यात.
पुढच्या निवडणुकीचं कुणी विचारलं
तर बाई विषय बदलत नाहीत, नुसत्या गप्प बसतात.

भाजीवाल्या सध्या रेल्वे गेटजवळ बसतात, धुराळ्यात.
शिवगंगाबाई कवडे दर मंगळवारी विचारते,
आमच्या जागेचं काय झालं?
बाई गाडी थांबवून खाली उतरतात,
"माझ्यामुळं गेली. आणायलेय."
शिवगंगाबाई मान हलवते,
मेथीची जुडी झटकून देते
आणि पैसे मोजून घेते,
पुरे,
एक रुपया सोडत नाही.