मिठाची बरणी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, म्हणाला गुराम. शहाऐंशी. एकोणऐंशी.
आणि थांबला.
पुढे?
पुढचं मला अजून माहीत नाही, म्हणाला,
इथवरच जगून झालंय.

मी हसले. बाईंनी हसू आवरून
कागदावर काहीतरी लिहिलं,
ते त्याला दिसलं नाही.
त्याच्या नजरेच्या नेमक्या मध्यावर राख सांडलीय,
कडा तेवढ्या शाबूत.
माझ्याकडे पाहतो तेव्हा चेहरा जातो,
कानातलं उरतं.
म्हणून हल्ली कानातलं घालायला मी विसरत नाही.

चाळीस वर्षं खिळे जुळवले त्यानं
कुताइसीच्या छापखान्यात.
शिशाची अक्षरं, आरशातल्यासारखी उलटी.
घरी येऊन सरळ छापलेलं वर्तमानपत्र उघडलं
की म्हणायचा, हे कुठूनतरी चुकल्यासारखं वाटतं.
एकदा मंत्र्याच्या शोकसंदेशात
एक खिळा भलताच बसला.
जे छापलं गेलं ते मी इथे सांगत नाही.
तीन महिने पगार नाही.
मक्याची भाकरी आणि घेवडा,
घेवडा आणि मक्याची भाकरी,
पण काय हसलो त्या हिवाळ्यात.

आता मंगळवारी, शुक्रवारी पांढऱ्या पुलावरून
काठी टेकत शिकायला जातो.
शिकवणारी थेओना, सव्वीस वर्षांची, जन्मांध.
तिला याची अजिबात दया येत नाही.
चुकलं की परत.
"दाबू नका, आजोबा. दाबलं की कमी कळतं."
पण याची बोटं! शिशानं, रॉकेलनं घट्टे पडलेली.
सहा ठिपक्यांचा त्यांना एकच ढीग लागायचा,
सांडलेल्या रव्यावरून हात फिरवावा तसा.
नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला.
तीन शब्द.
एका रात्री कागद चुलीत घातले न् म्हणाला,
राहू दे मला आंधळा.
अडाणी आंधळा.
शुक्रवारी काठी शोधत होता. मी दिली.

जानेवारीत तिनं त्याला लिहायला बसवलं.
लोखंडी पाटी, लाकडी मुठीचा टोचा.
लिहायचं कागदाच्या पाठीवर,
उजवीकडून डावीकडे, उलटं,
मग कागद फिरवला की सुलटं उमटतं.
इथे सगळ्यांचं डोकं गरगरतं, महिना जातो,
थेओनानं मला नंतर सांगितलं.
याला एक दुपार लागली.
ती बोट फिरवत राहिली ओळीवरून,
परत पहिल्यापासून फिरवलं,
मग म्हणाली, हे कुठे शिकलात?

तेव्हापासून रात्री आमच्या घरात सुतारपक्षी असतो.
टच टच टच. मी उशी कानावर घेते.
परवा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचं नाव आठवेना,
तीस वर्षांची शेजारीण.
म्हणाला, थांब, हाताला विचारतो,
आणि टोचा उचलला.
नाव आलं नाही.
तिच्या मेलेल्या मांजराचं आलं.
चालेल, म्हणाला, जवळपास आहे.

सोमवारी बाजारातून आले तर
बरण्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या खरवडून
यानं आपले ठिपके डकवलेले.
मीठ, साखर, मक्याचं पीठ:
सगळ्या बरण्या सारख्या, सगळं पांढरं.
माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात
आणि माझ्याच स्वयंपाकघरात मी निरक्षर.
रागानं हाताला येईल ती बरणी उचलली.
चहात मीठ पडलं.

त्यानं पहिला घोट घेतला, काही बोलला नाही.
दुसराही घेतला.
मग बाकावर सरकून जागा केली,
माझं बोट धरलं, बरणीवर ठेवलं.
शहात्तराव्या वर्षी माझं पहिलं अक्षर.
थंड काच, खरखरीत कागद,
बाकी काहीच लागेना.

दाबू नकोस, तो म्हणाला.