टापू उजव्या हाताला

जॅकेटं एकोणीस. त्यातल्या चारांचे पट्टे गेलेत,
ती मी सुतळीनं बांधतो आणि म्हणतो, घाबरू नका,
आजवर कुणी पडलं नाही.
(एक कॅमेरा पडला. एक चप्पल.
हुबळीच्या एका सायबाचं पाकीट.)
धक्क्यावर फॉरेस्टची पाटी, कन्नडात: नडुगड्डे.
खाली नुसता आकडा, दोन.
दिवसाला सहा फेऱ्या, रविवारी नऊ.

बोलायची जागा ठरलेली.
सुळक्यापाशी इंजिन हळू करायचं:
हा बघा कातळ, कोयत्यानं उतरवल्यासारखा.
ते पांढरं ओघळलंय ते पाणकावळ्यांचं.
डावीकडं बघा. सगळे एकदम नको, बोट कलते.
मग टिळकवाडीच्या बाया हसतात,
मग कुणीतरी विचारतंच, मगर आहे का,
आणि मी रोज थोडं थांबून सांगतो,
आहे.

टापू कायम डाव्या हाताला.
दुसऱ्या अंगानं गेलं तर वारा तोंडावर येतो,
डिझेल खातो.
मागच्या बाजूला तर लांबूनच वळसा:
तिथं किंजळीचे बुंधे पाण्यात उभेच आहेत अजून,
पंखा मोडला तर पगारातून.

मार्चातला मंगळवार. गिऱ्हाईक नाही.
रामनगरचा एक कंडक्टर रजेवर आलेला,
आणि त्याची आत्या, ठकूबाई येडगे.
तो अर्धं तिकीट मागत होता, मी दिलं नाही.
सुतळी आवळताना ती म्हणाली,
एवढं गच्च? म्हशीला तरी सैल बांधतात.

सुळका आला. मी बोललो. तिनं बघितलं नाही.
ती माझ्या हाताकडं बघत होती, सुकाणूवरच्या.
"उलटं घालूलास की रे."
काय?
"फेरी. उलटं कुणाभोवती फिरतात, ठाऊक न्हाई व्हय?"

ठाऊक आहे.
बापाच्या वेळी माझ्याच खांद्यावर होतं मडकं,
मागं कुणीतरी दगडानं भोकं पाडत होतं,
पाठ भिजत होती.
सहा वर्षं, दिवसाला सहा, रविवारी नऊ,
पावसाळा वजा.
आकडा जुळायला लागला तसा मी मगरीकडं वळलो.

पण तिला मगर नको होती.
"ह्या माथ्यावर आमच्या म्हशी चरायच्या.
धरण भरलं त्या साली खालनं हाका घातल्या,
सतरा उतरल्या. चांदरी उतरली न्हाई.
गाभण होती."
आत्ये, चाळीस वर्षं झाली, कंडक्टर म्हणाला,
मेली की ती.
"तू बघितलास?"
तो गप्प.
"मी बी न्हाई बघितलं. मग उलटी फेरी कशाला?"

मी बोट वळवली नाही. खोटं कशाला सांगू.
धक्क्यावर दोन कुटुंबं शिट्ट्या मारत होती.
उतरल्यावर तिनं गाठ स्वतः सोडली,
सुतळीचं भेंडोळं केलं, माझ्या हातात दिलं,
आणि कंडक्टरला म्हणाली, चल, यष्टी चुकंल.

सांजेला बोट खांबाला बांधून वही भरायची असते.
वही भरली. बोट सोडली.
इंजिन नाही लावलं, वल्ही घेतली,
टापू उजव्या हाताला.
निधान, निधान, आमचा रेंजर म्हणतो तसं,
बुंध्यांच्या मधून. एक बुंधा बुडाला घासत गेला
आणि मी उगीचच म्हणालो, सर गं.

मागच्या अंगाला इतक्या जवळून गेलो नव्हतो कधी.
तिथं कातळ नाही.
तिथं उतार आहे गवताचा, पार पाण्यापर्यंत,
आणि गवत आखूड होतं.
गव्यांनी खाल्लं असेल. गवे पोहतात,
मी स्वतः बघितलेत पोहताना.

तरी वल्ही वर उचलून धरली थोडा वेळ.
थेंब गळायचे थांबेपर्यंत.