मोजणी

वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले,
सर्व्हे झालाय. त्या रस्त्याला सायकली अकरा.
रविवारी, सकाळी दहा ते बारा.
अकरांसाठी ट्रॅक मोकळा करायचा?

म्हणून मंगळवारी पहाटे पावणेपाचला
कोपरखैरणेच्या सिग्नलपाशी माझी सायकल स्टँडवर लावली.
हातात मुलीची गणिताची वही, मागचं पान,
आणि झटकल्याशिवाय न उठणारं पेन.

आधी आला इडलीवाला, भोंगा अजून मुका.
मग एकाच सायकलवर दोन वॉचमन,
त्यांना एक धरायचं की दोन, ठरेना.
एक धरला.
दूधवाला. पेपरची पोरं.
एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून निघालेले,
हँडलला डब्याची पिशवी,
ब्रेकच्या जागी चप्पल.
ट्रॅकवरून मात्र कुणीच गेलं नाही.
तिथे टेम्पो झोपले होते,
त्यांच्या चाकांखाली हिरवा रंग पापुद्रे धरून.

एकाला थांबवलं. भानुदास ढोणे, घणसोली.
विचारलं, तुम्ही सायकलिस्ट ना?
दचकून म्हणाला, नाय ताई,
मी वेल्डर.

उजाडेपर्यंत दोनशे सहा.
माझी धरून दोनशे सात.

साहेबांनी पान उलटून पाहिलं.
पुढच्या बाजूला एक आकृती होती,
त्यात त्रिकोण किती ते सांगायचं,
आणि खाली बाईंचा लाल शेरा:
नीट मोज.
बघा, साहेब म्हणाले, लिहिलंच आहे,
आणि वही परत सरकवली.

बुधवारी पुन्हा पावणेपाच.
वॉचमन आले, मागचा पेंगत होता.
दोन धरले.