साडेचार हजारांपर्यंत

कॅनडा कॉर्नरच्या त्या दुकानात
एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं पायरीवर थांबायचं.
मी म्हटलं, गाण्यासाठी हवेत.
निहाल गांगुर्डे म्हणाला, मॅडम, सगळे गाण्यासाठीच असतात.
म्हटलं, गळ्यासाठी.
तो हसला नाही. स्टूल पुढे सरकवलं.

बजेट?
साडेचार हजारांपर्यंत.
बोनसमधून गॅसची शेगडी वजा जाता उरले तेवढे.

पहिली जोडी लावली.
डग्गा येऊन छातीवर बसला, पाय पसरून,
आणि गाणारी बाई कुठंतरी मागच्या खोलीत
दार लोटून गात होती.
ही सगळ्यात जास्त खपते, निहाल म्हणाला.
खपत असेल.

दुसरी फार स्वच्छ.
इतकी, की प्रत्येक 'स'
उशीत राहून गेलेल्या टाचणीसारखा.
चार ओळींत कपाळ दुखायला लागलं.

तुम्ही नेहमी ऐकता असं काही लावा, तो म्हणाला,
पाठ असलेलं.
फोनमध्ये एक होतं, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं.
प्रमिलाबाई खैरनार, पंचवटी, शनिवार सकाळ, बिहाग.
खाली दूधवाल्याची घंटी,
आणि बाईंच्या मागोमाग मी. वय एकोणीस.

तिसरी जोडी दिसायला सुमार,
काळ्या मनुक्याएवढी.
डाव्या कानात बसेना.
माझा डावा कान प्रेस मशीनच्या बाजूचा.
अंबडला एकवीस वर्षं त्यानं माझ्या वाटचं सगळं ऐकलं,
आता वरच्या पट्टीतलं बरंचसं
मला कळवतच नाही.
निहालनं फोमची टिप काढली, छोटी.
चिमटीत दाबा, आत सोडा, फुगू द्या.
कढईत पुरी फुगायची वाट बघतात
तशी मी थांबले.

आधी रस्ता गेला.
मग पंखा.
मग निहालचे ओठ नुसतेच हलले.

आणि बाई आल्या.
समोर नाही, अंगावरही नाही,
तानपुऱ्याच्या पलीकडे, जिथं बसायच्या तिथंच,
सतरंजीच्या दुमडलेल्या कडेवर.
श्वास घेण्याआधी टाळूपासून जीभ सुटते, तो आवाज.
दाढेखालची लवंग या गालातून त्या गालात जाते
तेव्हा आकार किंचित वळतो, तोसुद्धा.

मग माझा गंधार.

एवढी वर्षं मला वाटत होतं,
त्या दिवशी माझा गंधार लागला.
लागला म्हणजे काय, बाईंशी तंतोतंत जुळला,
कसल्याही खोक्यावर ऐका, जुळलेलाच.
त्याच्या जोरावर मी कंपनीच्या गॅदरिंगला सांगत आले,
शिकलेय मी थोडं.

जुळला होता.
फक्त तानपुरा वर राहिला होता.
मी कणभर खाली होते,
आणि बाई
खाली आल्या होत्या.

दीड मात्रा, जास्तीत जास्त.
मग हळूच चढल्या,
आणि मीही चढले, त्यांच्यामागून,
आपण चढतोय हे न कळता.
नंतर बाई म्हणतात, हं.
एवढंच. दुसरं काही नाही.
पुन्हा ऐकलं. हंच आहे.

कसा आहे मॅडम? व्होकल पुढे येतोय ना?
मी एक कान काढला.
पुढे नाही, म्हटलं. आहे तिथं आहे.
केवढ्याला?

चार हजार नऊशे.
माझं तोंड बघून म्हणाला,
थोडा खाली येतो मी, तुमच्यासाठी.

नको, म्हटलं.
जरा जोरातच म्हटलं असणार, उजवा कान बंद होता,
पायरीवरचा माणूस वळून बघायला लागला.
नको. तू राहा तिथंच.
शेगडीचं बघू पुढच्या महिन्यात.

तो गोंधळला. पैसे मोजले.
मग ड्रॉवरमधून फोमच्या दोन छोट्या टिपा काढल्या
आणि पिशवीत टाकल्या,
डाव्यासाठी.